बिननावाचा बाण

...व्यावसायिक वापर, म्हणे. तुम्हाला सांगतो, मी पीतांबरन, गणिताचा निवृत्त मास्तर, गुडघ्यांना तेल चोळून बोटीत चढणारा माणूस, आणि माझ्यावर एका परदेशी कंपनीला संशय आला की हा धंदा करतो. कसला धंदा? आम्ही त्या वेळी वराल माशाच्या रश्श्यात कुडंपुळीचा आंबटपणा आधी घालायचा की मागून, यावर भांडत होतो. तिकडे कॅनडात कुरुपचा कॉम्प्युटर, इकडे आमच्या वाचनालयातला कॉम्प्युटर, मध्ये त्या कंपनीचं सॉफ्टवेअर. त्याचा स्क्रीन मला इथे दिसतो, मी इथे माउस हलवला की तिथे त्याच्या स्क्रीनवर बाण हलतो, आणि मी इथे बसल्या बसल्या त्याच्या टायपिंगच्या चुका दुरुस्त करतो. झाला आमचा धंदा. आणि ऐन कुडंपुळीच्या वेळेला मधोमध चौकोन उगवला, 'आपण व्यावसायिक वापर करत असल्याचं दिसतं, जोडणी बंद करत आहोत', आणि अंधार. हा तिकडे फोनवर ओरडतोय, "पीतांबरा, कुठे गेलास?" मी कुठे जाणार? मी खुर्चीवरच आहे. पण त्याच्या घरातून मला बाहेर काढलं होतं. आता यात कुणाला दोष देणार, सांगा.

थांबा, कुरुप कोण ते सांगायला हवं. अच्युत कुरुप, आमच्याच शाळेत प्राणिशास्त्र शिकवायचा. त्याचा जन्म आमच्या पुढच्याच कालव्यावरचा. शाळेला एका बोटीनं जायचो, एका बोटीनं यायचो, आणि संध्याकाळी वाचनालयात एकाच बाकावर बसून एकाच पेपरची पानं वाटून घ्यायचो. त्याला शेवटचं पान, मला मधलं. हा माणूस कमी बोलायचा. म्हणजे शब्द मोजून ठेवल्यासारखे वापरायचा, आणि उरलेली सगळी जागा मला. सौदामिनी, त्याची बायको, म्हणायची, "तुम्हा दोघांचं जमतं कारण तुमच्यातला एकच बोलतो." निवृत्त झाल्यावर त्यानं एक काम काढलं. आपल्या कायलातले, म्हणजे बॅकवॉटरमधले, कालव्यातले, भातशेतातले जेवढे मासे, तेवढ्यांवर एक पुस्तक. नाव, रंग, कुठे सापडतो, सवयी काय, आणि शेवटी शिजवायचा कसा. मी म्हटलं, "अरे, प्राणिशास्त्राच्या पुस्तकात शिजवायचं कशाला?" तर म्हणाला, "आपल्याकडे माशाची खरी ओळख तिथेच होते." करिमीनबद्दल त्यानं काय लिहिलंय ठाऊक आहे? 'चेहरा निवृत्त मुख्याध्यापकासारखा, स्वभावही.' आमचे मुख्याध्यापक त्या वेळी हयात होते, ते वाचून वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत.

मग सौदामिनी गेली. फार काही नाही, ताप, आणि गेली. आणि प्रसीता, त्यांची एकुलती मुलगी, तिकडे नर्स आहे, ती आली आणि म्हणाली, "मास्तर, अच्छनला मी एकटं ठेवणार नाही." बरोबरच होतं तिचं, वडील होते तिचे. मी काय म्हणणार, ठेव इथेच, माझा पेपर कोण वाटून घेणार? असं म्हणतात का? जेट्टीवर मी एकटाच बडबडत होतो, तिकडे थंडी असते, मफलर घे, मासे बर्फातले मिळतात, नीट बघून घे... तो नुसता हं हं करत होता. बोट सुटली आणि त्यानं मागे वळून एवढंच म्हटलं, "पुस्तक पुरं करू या." करू या. म्हणजे दोघांनी. आता यात कुणाला दोष देणार?

पण तिकडे गेल्यावर त्याला टाइप करता येईना. मल्याळमची जोडाक्षरं, कळ एक दाबली की दुसरंच उमटतं, अख्खा परिच्छेद निवडला जातो आणि गुडुप होतो. म्हणून प्रसीतानं ते कंपनीचं फुकटवालं सॉफ्टवेअर दोन्हीकडे घालून दिलं. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. मी वाचनालयात बसायचो, कारण माझ्या घरची लाइन पुरात गेली ती गेलीच. तो तिकडे कॉफी घेऊन बसायचा, आणि माशामागून मासा पुढे सरकायचा. छान चाललं होतं. पण त्या कंपनीचं म्हणणं असं की घरगुती माणूस इतका वेळ, रोज, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये काय करतो? मी लिहिलं त्यांना. चांगल्या इंग्रजीत लिहिलं, की आम्ही मित्र आहोत, वय झालंय, माशांवर काम करतो. उत्तर आलं, 'प्रिय ग्राहक, आपल्या व्यवसायाला साजेशी योजना निवडा.' मी परत लिहिलं, व्यवसाय नाही. परत तेच उत्तर. भिंतीशी बोलावं तर निदान पाल चुकचुकते.

प्रसीता म्हणाली, "मास्तर, कशाला त्रास? मी विकतचं घेते." ती घेऊ शकली असती, तिला जड नव्हतं. पण कुरुपनं मान हलवली. फोनवर दिसलं मला. म्हणाला, "पीतांबरनशी बोलायला मी कुणाचं भाडं भरणार नाही." एवढंच. आणि खरं सांगायचं तर माझंही तेच. आम्ही शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवला तो मुक्त सॉफ्टवेअरवर, ज्याची कृती कुणीही उघडून वाचावी, बदलावी, आपल्या घरी मांडावी. मी वर्गात घसा फोडून सांगायचो, की मुलांनो, जे आपल्याला उघडून बघता येत नाही ते आपलं नसतं. कुरुप मागच्या बाकावर बसून ऐकायचा, कारण त्याचा तास रिकामा असायचा. आणि आता म्हातारपणी आम्ही दोघं एका बंद डब्याच्या दयेवर? छे.

तर मी शोधून काढलं. असंच काम करणारं, पण मुक्त. अट एकच. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरची गाठ घालून द्यायला मध्ये आपलाच एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा. म्हणजे कंपनीचं घर नको, तर आपली एक झोपडी हवी. वाचनालयाच्या कपाटामागे एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, मी कमिटीपुढे अर्ज टाकला. आमची कमिटी तुम्हाला माहीत नाही. पंखा दुरुस्त करायचा की नाही यावर जागतिक परिस्थितीचा आढावा घेतल्याशिवाय त्यांना ठराव करता येत नाही. अध्यक्ष कॉम्रेड शशांकन, त्यांनी चष्मा पुसून विचारलं, "हे सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं?" मी म्हटलं, "कुणाच्याच नाही. सगळ्यांचं." "मग तत्त्वतः आपला पाठिंबा आहे." आणि सेक्रेटरी तंकमणी, किल्ल्यांचा जुडगा तिच्याकडे, ती म्हणाली, "कुणाच्याच मालकीचं नाही म्हणजे बिघडलं की तुम्ही माझ्याच दारात येणार." दोघांचंही बरोबर होतं. तिथेच पहिल्यांदा मला कळलं की फुकट आणि मुक्त यांत काय फरक असतो. फुकट असतं तेव्हा वैतागलो की कंपनीला शिव्या देता येतात. मुक्त असतं तेव्हा समोर आरसा.

काय काय झालं म्हणून सांगू. वीज जायची, कॉम्प्युटर झोपायचा, परत उठायचा तो सगळं विसरून. आत मुंग्यांनी वसाहत केली, तंकमणीनं हळद टाकली, ती पंख्यानं उडवली, आणि निवडणुकीच्या याद्या पिवळ्या झाल्या. लिहून ठेवलेल्या सूचना वाचाव्यात तर त्या अशा माणसानं लिहिलेल्या, ज्याला सगळं आधीच येतं. शेवटी त्या सॉफ्टवेअरच्या चर्चेच्या पानावर मी माझी अडचण मांडली. तिथे जगभरातले लोक एकमेकांना मदत करतात, कुणी कुणाला पाहिलेलं नसतं. एकानं उत्तर दिलं, की एकीनं, कोण जाणे, नाव पक्ष्याचं लावलेलं, राखी धनेश. फार धीरानं सांगितलं. हे कर, आता ते बघ, काय दिसतं ते लिही. मी मास्तर होतो इतकी वर्षं, इतक्या धीरानं मी कुणाला शिकवलं असेन असं वाटत नाही.

मग प्रसीता घाबरली. "मास्तर, माझ्याबरोबरची एक जण म्हणते, ओपन म्हणजे कुणीही आत येऊ शकतं. इकडे म्हाताऱ्या माणसांचे कॉम्प्युटर असेच ताब्यात घेऊन लुबाडतात." मी म्हटलं, "बाळ, तुझ्या आईच्या माशाच्या रश्श्याची कृती गावात सगळ्यांना माहीत होती. म्हणून तिच्या स्वयंपाकघराचं दार उघडं असायचं का? कृती उघडी आहे, दाराला कुलूप आहे, आणि कुलपाची किल्ली तुझ्या वडिलांकडे आहे." ती म्हणाली, "आईच्या स्वयंपाकघराचं दार उघडंच असायचं, मास्तर." पण तिनं घालून दिलं.

आणि जोडलं गेलं, तुम्हाला सांगतो. मी माउस हलवला आणि तिकडून कुरुपचा आवाज आला, "दिसला बाण." बस्स. ना शाबास, ना काही. पण मी त्याला ओळखतो ना, तो खूश होता. त्यानंतरचे महिने... कुणी चौकोन घेऊन आलं नाही, कुणी संशय घेतला नाही. तो लिहायचा, मी मागून सारवत जायचो. मधेच फोनवर त्याचा चेहरा जवळ यायचा, "तो शब्द राहू दे, आमच्या आईचा आहे." मी राहू द्यायचो. आणि बोलायचो, अखंड. इकडची पडझड, कोण गेलं, कुणाचं शेत खाऱ्या पाण्यानं बुडालं, परिप्पुवडा आता कसा तेलकट करतात. तो हं हं करायचा. जेट्टीवरच्यासारखंच.

मग एकदा करिमीन परत आला. म्हणजे आधी लिहून झालेला होता, तोच मासा, नव्यानं, मुख्याध्यापकाशिवाय. मी म्हटलं, "कुरुप, हा झालाय." तो म्हणाला, "झाला का? बरं." मी पुसून टाकला. पुढे वरालच्या कृतीत कारी माशाचा मसाला आला. चालायचंच, म्हटलं, वय. मी हळूच जागच्या जागी लावून दिला. नंतर एक मासा असा आला की तो आपल्या पाण्यात नाही, कुठल्याच पाण्यात नाही. तपकिरी, कानाशी पांढरा, कौलावर चढतो. मी मुद्दाम वाद घातला, "कौलावर कसा चढेल रे?" तर तो चिडला नाही, हसला नाही. म्हणाला, "बघितलाय मी." त्या वेळी मला समजायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. समजलं होतं. पण समजून करणार काय? आता यात कुणाला दोष देणार?

आणि मग ती नोंद आली. वरती नाव, सौदामिनी. खाली नेहमीचा साचा. रंग: गहूवर्णी, उन्हात तांबूस. आढळ: स्वयंपाकघर, मागची पायरी, कालव्याच्या काठचा दगड. सवयी: पहाटे उठते, बोलावलं तर येत नाही, आपणहून येते. गलका आवडत नाही, पीतांबरनचा चालतो. आणि शेवटी 'शिजवायची कृती' या मथळ्याखाली त्यानं लिहिलं होतं, 'हिनं केलेलं.' तेवढंच. मी इकडे बाण घेऊन बसलो होतो. बाण त्या ओळीवर आणून ठेवला, आणि तिथेच राहू दिला. पुसायची? कशी पुसायची? दुरुस्त करायचं तर त्यात काय चूक होतं? एका जोडाक्षराची चूक होती, तीही ठेवली. तंकमणीनं विचारलं, "मास्तर, लाइन गेली का?" म्हटलं, "नाही, आहे. लाइन आहे."

त्याच आठवड्यात प्रसीताचा फोन. डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढत जाणार. ती नर्स, तिला माहीत होतं, तरी रडली. मी बडबड केली, दुसरं मला येतं काय?

पण त्याच्यापुढची गोष्ट ऐका. हे सॉफ्टवेअर सभ्य आहे हो. दर वेळी तिकडे विचारतं, 'पीतांबरन आत येऊ इच्छितात. येऊ द्यायचं का?' हो की नाही. आणि कुरुपनं एक दिवस नाही दाबलं. मी परत विचारलं, परत नाही. प्रसीतानं जाऊन विचारलं तर म्हणाला, "हा कोण पीतांबरन? ओळख ना पाळख, रोज घरात येऊ का म्हणतो." ती म्हणाली, "अच्छन, तुमचे मित्र, गणिताचे मास्तर." "गणिताचा मास्तर माशांत काय करतोय?" प्रश्न चुकीचा नव्हता. तिनं मग न विचारता आत जाण्याची सोय करून दिली, तिच्या परवानगीनं. तरी आत गेलं की कोपऱ्यात नाव यायचंच, 'पीतांबरन जोडले गेले आहेत', आणि ते वाचलं की तो दचकायचा. खुर्ची मागे सरकवायचा, कॉम्प्युटर बंद करायचा. मग दिवसभर बेचैन, प्रसीता सांगायची, पडद्यामागे कोण आहे ते बघत फिरायचे.

ती म्हणाली, "मास्तर, आता राहू दे का?" राहू दे म्हणजे काय? पुस्तक पुरं करू या म्हणाला होता तो. आणि मी नाही गेलो तर तो एकटाच त्या माशांत. सगळे मासे एकमेकांत मिसळायला लागले होते, वाट चुकून तो तासन्‌तास एका ओळीवर बसायचा, मग रडकुंडीला यायचा, हे तीच सांगायची. मागून कुणी नीट लावून ठेवलं की शांत व्हायचा.

तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी वर्गात ओरडलो की मुक्त सॉफ्टवेअर आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतं, पण स्वतः कधी एक अक्षर बदललं नव्हतं. गरजच नव्हती पडली. ती पडली तेव्हा ही पडली. मी चर्चेच्या पानावर विचारलं, तो नावाचा चौकोन काढून टाकायचा असेल तर काय करावं? राखी धनेशनं ताबडतोब लिहिलं, 'हे करू नका. आत कोण आहे हे समोरच्याला कळलंच पाहिजे, म्हणून तर तो आहे.' अगदी बरोबर. मीही वर्गात हेच सांगितलं असतं. मग मी सगळं लिहिलं. मासे, सौदामिनी, खुर्ची मागे सरकवतो ते, मुलीची संमती आहे ते. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं. खालून ही ओळ शोधा, ती काढा, आणि फक्त त्या एका घरासाठी ठेवा, दुसरीकडे कुठेही नाही. आणि शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांसाठी मला हे सुचलं नाही.'

मी ती ओळ काढली. तंकमणी शेजारी उभी होती, किल्ल्या वाजवायच्या थांबल्या होत्या तिच्या. त्या कंपनीनं स्वतःचं नाव कधी काढू दिलं नसतं, आणि आपल्या सॉफ्टवेअरनं मला माझं काढू दिलं. आता यात कुणाला दोष देणार?

आता बरं चाललंय. मी जातो, संध्याकाळी बसतो, बाण फिरवतो. तो लिहितो, चुकतो, मी मागून लावत जातो. फोन लावत नाही, आवाजानं गोंधळतो तो. पूर्वी माझा आवाज तिकडे पोहोचला नाही असा दिवस नव्हता, आता मी तोंड मिटून बसतो, आणि शशांकन बाकावरून बघतात, यांना बरं आहे ना म्हणून. पुस्तक पुरं होत आलंय. शेवटच्या पानांवर कुठला मासा खरा, कुठला कौलावरचा, ते मी वेगळं करत नाही. छापायच्या वेळी बघू, कमिटीपुढे ठेवू, त्यांना आढावा घ्यायला काहीतरी हवंच असतं.

परवा प्रसीतानं फोन लावला आणि म्हणाली, "बोलून बघा मास्तर, आज जरा ठीक आहेत." मी हळूच म्हटलं, "कुरुप, कसा आहेस?" तर तिकडून, अदबीनं, पाहुण्याशी बोलावं तसं, "आपण कोण?" म्हटलं, "गावाकडून बोलतोय. पुस्तक कुठवर आलं?" म्हणाला, "चाललंय. इथे एक जण येतात रोज मदतीला. बाणानं काम करतात. चुका काढतात, पण टाकून बोलत नाहीत. भला माणूस." मी विचारलं, "नाव काय त्यांचं?" तर म्हणाला, "नाव विचारलं नाही. पण त्यांचं एक बरं आहे. तुमच्यासारखं बोलत नाहीत."

बरं, म्हटलं. फोन ठेवला. तर आता तिथे बोलायची सोय राहिलेली नाही, म्हणून जे काही बोलायचं ते तुमच्याजवळ बोलून घेतो, आणि मग जातो तिकडे.